बेडसाइड क्रिबनंतर बाळाने झोपायचं कुठे?

मेधा_रेडिंग

आमची लेक साडेपाच महिन्यांची आहे. जन्मापासून आमच्या पलंगाला लावलेल्या बेडसाइड क्रिबमध्ये झोपते. गेल्या आठवड्यात पालथी पडायला लागली आणि आता दोन्ही तळहात टेकून छाती चांगली वर उचलते. क्रिबच्या माहितीपत्रकात लिहिलंय की बाळ हातांवर आणि गुडघ्यांवर जोर देऊन उठू लागलं, बसू लागलं किंवा वजन ९ किलो झालं, यातलं जे आधी होईल तेव्हा वापर थांबवा.

यावरून घरात तीन मतं आहेत. नवरा म्हणतो, वजन सातच्या आत आहे, अजून महिनाभर क्रिब चालेल, आणि मग थेट बॉक्स रूममध्ये, म्हणजे घरातल्या सगळ्यात लहान खोलीत, कॉट (बाळाचा उंच गजांचा पलंग) लावू. सांगलीहून आलेल्या सासूबाई म्हणतात, कॉट हवीच कशाला, जमिनीवर गादी घाल आणि पोरीला कुशीत घे. माझं मत असं की कॉट हवी, या आठवड्यातच हवी, पण आमच्याच खोलीत.

वय आणि वजन मी दुय्यम मानते. बाळ काय करायला लागलंय ते बघायचं. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि क्रिबच्या भिंती बुटक्या असतात. हातांवर उठलेलं बाळ कडेवरून पुढे झुकलं तर डोक्यावरच पडेल, आणि ते आज उठेल की आठवड्याने हे आधी कळत नाही. शिवाय क्रिब सोडणं आणि आईबाबांची खोली सोडणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. इथे ब्रिटनमध्ये पहिले सहा महिने दिवसा आणि रात्रीही बाळाने मोठ्यांच्याच खोलीत झोपावं असा सल्ला देतात. क्रिब लहान पडला म्हणून तो सल्ला रद्द होत नाही.

विरोधी मतं जरूर लिहा, फक्त कारणासकट.

शुभदा_नाशिक

मेधा, तू माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून एकेरीत लिहिते. माझं मत तुझ्या सासूबाईंच्या बाजूचं आहे.

आमच्याकडे बारशाला बाळ पाळण्यात घालतात, पण रात्री ते आईजवळच असतं. माझी दोन्ही मुलं आणि आता नातू असेच वाढले. रात्री बाळाने नुसती चुळबुळ केली तरी आईला जाग येते, ती तिथल्या तिथे पाजते आणि दोघं परत झोपतात. तुमच्या पद्धतीत बाईने दर वेळी उठायचं, कठड्यावरून वाकून बाळ उचलायचं, पाजायचं, परत ठेवायचं, ठेवताना ते जागं झालं की सगळं पहिल्यापासून. परदेशात हाताशी माणूस नाही, दिवसा झोपायला मिळत नाही. त्या बाईच्या तब्येतीचा विचार या सूचनांमध्ये कुठे आहे?

जमिनीवरच्या गादीवरून बाळ पडून पडून कुठे पडणार? दोन्ही बाजूंना तक्के लावायचे, डोक्याखाली मोहरीची उशी द्यायची म्हणजे डोकं गोल राहतं. आणि उताणं एकसारखं ठेवू नये, दूध उलटलं तर ठसका लागतो. कुशीवर वळवावं.

रोहिणी_लेस्टर

शुभदाकाकू, मी इथे नवजात बाळांच्या विभागात परिचारिका आहे. आईच्या झोपेबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी बरोबर आहे, त्यावर खाली येतेच. पण तक्के, मोहरीची उशी आणि कुशीवर झोपवणं या तिन्हींना माझा ठाम विरोध आहे.

ब्रिटनमध्ये १९९१ साली बाळांना उताणं झोपवा अशी देशभर मोहीम झाली. टीव्ही निवेदिका अ‍ॅन डायमंड यांचं बाळ त्याच वर्षी झोपेत गेलं होतं, त्यांनी ती मोहीम लावून धरली. त्याआधी पालथं झोपवण्याचा सल्ला सर्रास दिला जायचा. तेव्हापासून इथले सिड्सचे, म्हणजे बाळ झोपेत अचानक आणि कारण न सापडता दगावण्याचे, प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी खाली आलं. अमेरिकेने अशीच मोहीम १९९४ मध्ये घेतली.

ठसक्याची भीती मला रोज ऐकायला मिळते, म्हणून नीट सांगते. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. उलटलेलं दूध वर चढून श्वासनलिकेत जाणं अवघड असतं, बाळ ते गिळून टाकतं. पालथं असताना उलट होतं, अन्ननलिका वर येते आणि दूध खालच्या श्वासनलिकेच्या तोंडाशी साचतं. कुशीवर ठेवलेलं बाळ तर जरा हललं की पालथं पडतं.

आता तक्का. पालथ्या पडणाऱ्या बाळाचं नाक मऊ कापसात रुतलं तर सोडलेलाच श्वास ते परत परत आत घेतं. मोठं माणूस अशा वेळी खडबडून जागं होतं, लहान बाळाला ते दर वेळी जमत नाही. मोहरीच्या उशीचंही तेच. २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डोक्याला आकार देणाऱ्या उश्या वापरू नका असा इशारा दिला. डोकं चपटं होऊ नये म्हणून जागेपणी पोटावर खेळवा, आणि निजवताना डोक्याची दिशा बदलत राहा. वर्षाच्या आत उशी नकोच.

मेधा, तुझं मत बरोबर आहे. ९ किलोची वाट बघू नकोस.

अनिरुद्ध_एडिसन

मेधाताई, कॉटबद्दल सहमत, खोलीबद्दल नाही. मी तुमच्या यजमानांच्या बाजूने.

आमचा मुलगा चौथ्या महिन्यापासून स्वतःच्या खोलीत झोपतो. आमच्या खोलीत असताना माझ्या घोरण्याने तो जागा व्हायचा आणि त्याच्या कुरकुरीने आम्ही. २०१७ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात पेन्सिल्व्हेनियातल्या डॉक्टरांचा अभ्यास आला होता. लवकर स्वतंत्र खोलीत गेलेली बाळं नवव्या महिन्यात रात्री सरासरी ४० मिनिटं जास्त झोपत होती. आणि महत्त्वाचं म्हणजे, आईबाबांच्या खोलीत झोपणाऱ्या बाळांना मध्यरात्री उचलून मोठ्यांच्या पलंगावर घेण्याचं प्रमाण जास्त निघालं. म्हणजे सुरक्षिततेसाठी बाळ जवळ ठेवायचं आणि पहाटे तीनला थकून ते रजईत घ्यायचं, यात फायदा कुठला?

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये शक्यतो वर्षभर एका खोलीत झोपा म्हटलं होतं. २०२२ च्या सूचनांत ते किमान सहा महिन्यांवर आणलं. साडेपाच आणि सहा महिन्यांत असा काय फरक पडतो?

गौरी_पुणे

मी स्तनपान समुपदेशक आहे. रोहिणीताईंचं उशी-तक्क्यांबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण शुभदाकाकूंचा मूळ मुद्दा, बाळ आईच्या शेजारी, तो इतक्या सहज बाजूला सारू नका.

ब्रॅडफर्ड शहरात दक्षिण आशियाई कुटुंबांमध्ये, यातली बहुतेक पाकिस्तानी वंशाची, सिड्सचं प्रमाण गोऱ्या ब्रिटिश कुटुंबांपेक्षा कमी आहे. डरहॅम विद्यापीठाच्या हेलन बॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या घरांतल्या सवयी तपासल्या, तो अभ्यास २०१२ मध्ये आला. या घरांत बाळ आईच्या खोलीत, बऱ्याचदा तिच्या अंथरुणातच झोपत होतं. पण तिथल्या आया सिगारेट ओढत नव्हत्या, दारू घेत नव्हत्या, अंगावर पाजत होत्या आणि बाळाला घेऊन सोफ्यावर झोपत नव्हत्या. जपानमध्येही पिढ्यानपिढ्या आई, बाळ आणि बाबा जमिनीवर एका ओळीत झोपत आले आहेत.

म्हणून धोका शेजारी झोपण्यात किती आणि कशावर, कोणाशेजारी झोपण्यात किती, हे वेगळं करून बघायला हवं. ब्रिटनमधल्याच २०२१ च्या प्रसूतीनंतरच्या सूचना वाचा. त्यात सरसकट बंदी नाही, कोणत्या परिस्थितीत बाळ शेजारी घेऊ नये ते सांगितलं आहे. दोघांपैकी कोणी दारू घेतली असेल, झोप आणणारी औषधं चालू असतील, कोणी धूम्रपान करत असेल, बाळ जन्मतः अडीच किलोहून कमी किंवा ३७ आठवड्यांआधीचं असेल, तर अजिबात नाही. सोफ्यावर तर कधीच नाही, तिथे धोका कैक पटींनी वाढतो.

मेधाच्या घरी यातलं काही नसेल, तर घट्ट कापसाची गादी, भिंतीपासून लांब, बाळाच्या बाजूला उशी-पांघरूण नाही, हा पर्याय कॉटपेक्षा कमी प्रतीचा आहे असं मी म्हणणार नाही. उलट मनातून घाबरून सोफ्यावर पाजत बसणारी आई मला जास्त काळजीत टाकते.

श्रीरंग_पिंपरी

जमिनीवरच्या गादीबद्दल गौरीताई म्हणतात ते पटतं, पण आपल्याकडे आता किती घरांत खरंच जमिनीवर झोपतात? डबलबेड आणि त्यावर स्प्रिंगची किंवा फोमची जाड गादी. आमच्या सोसायटीत एका घरी बाळ भिंत आणि गादीच्या मधल्या फटीत घसरलं. आजीला वेळेवर जाग आली म्हणून बरं. त्या फटीला सगळे "भिंतीकडे सुरक्षित आहे" असंच समजत होते.

आम्ही कॉट घेतली, ओळखीतून, वापरलेली. घेताना फूटपट्टी घेऊन गेलो होतो. गज सहा सेंटिमीटरच्या आसपास अंतरावर हवेत, साडेसहाच्या वर नकोत, नाहीतर अंग जातं आणि डोकं अडकतं. सरकत्या बाजूची कॉट मिळत होती ती सोडून दिली, अमेरिकेने २०११ पासून तशा कॉटच्या विक्रीवर बंदीच घातली आहे. गादी मात्र नवी करून घेतली. गादीवाल्याला दोनदा सांगावं लागलं की मऊ नको, घट्ट पाहिजे, आणि कॉटच्या मापाला बरोबर बसली पाहिजे. कडेला दोन बोटं आरामात गेली तर ती गादी लहान आहे.

कापडी बंपर, म्हणजे कॉटच्या गजांना आतून बांधायच्या मऊ पट्ट्या, आईने प्रेमाने शिवून आणले होते, बाळंतविड्यातच दिले होते. ते लावले नाहीत. आईला वाईट वाटलं, पण बोलून समजावलं. मच्छरदाणी बाहेरून, ताणून, आत लोंबणार नाही अशी. पंखा चालू. माझं मत, भारतातही कॉट परवडत असेल तर घ्यावी.

मेधा_रेडिंग

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देते.

अनिरुद्ध, तुमचा अभ्यास झोप किती लागते हे मोजतो. माझा प्रश्न जिवाचा आहे. बाळ आईबाबांच्या खोलीत थोडं उथळ झोपतं, पण गरज पडली तर चटकन जागं होणं हेच त्याचं संरक्षण आहे असं बऱ्याच तज्ज्ञांचं मत आहे. त्या ४० मिनिटांसाठी मी ते सोडणार नाही. तीन वाजता थकून पलंगावर घेण्याचा तुमचा मुद्दा मात्र खरा आहे आणि मला तो टोचला.

गौरीताई, आमच्या घरी धूम्रपान नाही, दारू नाही, बाळ पूर्ण दिवसांचं. तरीही मी नियमाने शेजारी घेणार नाही. इथल्या थंडीत आम्ही दोघं जाड रजई घेतो, ती झोपेत कुठे जाईल यावर माझा ताबा नाही. गादी जमिनीवर घातली तरी रजई तीच.

काल खोली मोजली. १२० बाय ६० ची कॉट लावली की कपाटाचं दार उघडत नाही. म्हणून १०० बाय ५० ची लहान कॉट बघतोय आणि माझ्या बाजूचं टेबल काढतोय. खिडकीखालची जागा मोकळी होती, पण तिथे हीटर आहे आणि पडद्याची दोरी लोंबते, म्हणून ती बाद.

सासूबाईंना रोहिणीताईंचं ठसक्याचं स्पष्टीकरण वाचून दाखवलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले आहेत. पोर झोपेत आपण होऊन पालथी पडली तर रात्रभर जागायचं का? आणि हातपाय गार लागतात, तर कानटोपी आणि गोधडी का नको?

रोहिणी_लेस्टर

ठेवताना दर वेळी उताणीच ठेवा. ती आपण होऊन दोन्हीकडे, म्हणजे पालथी आणि परत उताणी, वळायला लागली की रात्री तिला तिची ठेवण घेऊ द्या. तोपर्यंत नजरेस पडली तर हळूच उताणी करा. दुपट्यात गुंडाळत असाल तर ते आजपासून बंद, पालथ्या पडणाऱ्या बाळाचे हात मोकळे पाहिजेत.

हातपाय गार असणं या वयात नेहमीचं आहे. मानेमागे किंवा छातीवर हात लावून बघायचं. तिथे घाम असेल तर कपडे जास्त झाले. बाळ डोक्यातून उष्णता बाहेर टाकतं, म्हणून घरात झोपताना कानटोपी किंवा कुंची नको. खोली १६ ते २० अंश, आणि गोधडीऐवजी मापाची, बाह्या नसलेली स्लीपिंग बॅग. अडीच टॉगची (टॉग म्हणजे उबेचं माप) या तापमानाला पुरते, उन्हाळ्यात एक किंवा अर्ध्या टॉगची. गोधडी जमिनीवर पसरा, दिवसा पोटावर खेळायला.

कॉटमध्ये आधी दुपारची झोप सुरू करा. चादर एक रात्र तुमच्या अंथरुणावर ठेवून मग कॉटला घाला, ओळखीचा वास राहतो. बसायला लागली की तळ एक पायरी खाली, धरून उभी राहायला लागली की सगळ्यात खाली.

शुभदा_नाशिक

मोहरीची उशी आणि तक्के काढते. नातवाच्या घरी आजच फोन करते. कॉटबद्दल मात्र माझं मत तेच आहे. मेधा, निदान एक ऐक. रात्रीचं दूध खुर्चीत किंवा सोफ्यावर बसून पाजू नकोस. पलंगावरच पाज, आणि झोपायच्या आधीच तुझ्या बाजूच्या उश्या नि रजई दूर सारून ठेव. पाजताना डोळा लागणारच, कुठल्याही बाईचा लागतो.

रोहिणी_लेस्टर

काकूंचं हे म्हणणं पूर्ण बरोबर. पेंगण्याची शक्यता असेल तर सोफ्यापेक्षा आवरलेला पलंग कितीतरी बरा. जाग आली की लगेच बाळ परत कॉटमध्ये.

अनिरुद्ध_एडिसन

मेधाताई, जिवाचा प्रश्न म्हणालात म्हणून पुढे वाद घालत नाही. पण सिड्सची बहुतेक प्रकरणं सहा महिन्यांच्या आतली असतात. ती रेषा ओलांडल्यावर बॉक्स रूमचा विषय परत काढा. तुमची दोघांची झोपही मोजण्यासारखी आहे, पेंगत गाडी चालवणारा बाप बाळासाठी सुरक्षित नाही.

मेधा_रेडिंग

काढेन. तोवर बॉक्स रूममध्ये नवरा झोपेल, त्याला सकाळी गाडी चालवायची असते. कॉट माझ्या बाजूला लागेल, आणि काकूंनी सांगितल्याप्रमाणे माझ्या बाजूच्या उश्या संध्याकाळीच कपाटात जातील.