जेवण अव्वल, वाढप बेभरवशाचं: छोट्या अस्सल चिनी रेस्टॉरंटला किती सांभाळून घ्यायचं?

सांजवेळ

आठ टेबलांचं रेस्टॉरंट आहे. चीनच्या सिचुआन प्रांताकडचं एक जोडपं चालवतं. नवरा आत वॉकवर (म्हणजे चिनी कढईवर), बायको बाहेर, आणि संध्याकाळी मदतीला एक पोरगा. पहिल्यांदा गेलो तेव्हा बाईंनी स्वतः चहा ओतला, कशात तिखट जास्त, कशात तेल जास्त ते मेनूवर बोट ठेवून सांगितलं. मी मागवलेल्या तीन पदार्थांपैकी दोन एकाच धाटणीचे होते. त्यातला एक त्यांनी सरळ रद्द करायला लावला आणि त्याऐवजी लसूण-व्हिनेगर घातलेली ठेचलेली काकडी घ्या म्हणाल्या. बरोबर होतं त्यांचं. मापो तोफू आला तो उकळतच. लाल तेलात थरथरणारे तोफूचे चौकोन, वर नुकतीच भुरभुरवलेली सिचुआन मिरीची पूड. ही मिरी तिरफळाच्या कुळातली. पहिल्या घासाला तिखट लागतं, दुसऱ्याला ओठ झिणझिणायला लागतात, आणि तिसऱ्यापासून हात थांबत नाही.

पंधरा दिवसांनी परत गेलो. वीस मिनिटं कुणी विचारायलाच आलं नाही. मग तोफू आला, पण भात नाही. दोनदा मागितला. तो येईपर्यंत तोफू कोमट झाला होता आणि तेल कडेला गोळा झालं होतं. माझ्या नवऱ्याचा मासा आला तेव्हा माझं जेवण उरकलं होतं. बिलासाठी तीनदा हात वर केला. हाताची चव मात्र तीच होती, जराही उणी नाही. म्हणूनच जास्त लागलं.

माझं म्हणणं असं की वाढप हा जेवणाचाच भाग आहे. वॉकमधून उतरताना तोफू कितीही चांगला असो, माझ्यापुढे तो खाण्याजोगा असताना भात नसेल तर स्वयंपाक्याची मेहनतच वाया गेली. 'छोटं आहे, अस्सल आहे, सांभाळून घ्या' हे मला पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

वाफाळ

असहमत. तुम्ही ज्याला गैरसोय म्हणताय त्यातली निम्मी तर चिनी जेवणाची रीतच आहे. तिथे आधी स्टार्टर, मग मेन कोर्स अशी उतरंड नसते. पदार्थ टेबलाच्या मधोमध ठेवायचे आणि सगळ्यांनी मिळून खायचे. जो आधी तयार होईल तो आधी येतो. 'नवऱ्याचा मासा' आणि 'माझा तोफू' अशी वाटणी तुम्ही केलीत, त्या स्वयंपाक्याने नाही. त्याच्या हिशेबाने दोन्ही पदार्थ दोघांचे होते. मोठ्या मेजवानीत तर भात किंवा नूडल्स सगळ्यात शेवटी येतात, आधीच्या पदार्थांनी पोट भरलं नसेल तर भरावं म्हणून.

बिलही मागितल्यावरच येतं. आणि मागायचं कसं, तर आवाज देऊन. चीनमध्ये 'फूवूयुआन!', म्हणजे 'वेटर!', अशी भर हॉटेलात मोठ्याने हाक मारतात, त्यात उद्धटपणा कुणाला वाटत नाही. नुसता हात वर करून नजरानजर होण्याची वाट बघाल तर बघतच बसाल. दक्षिण चीनच्या कँटोनीज चहाघरात तर बोलावंही लागत नाही. किटलीचं झाकण तिरकं करून ठेवलं की येता-जाता कुणीतरी गरम पाणी भरून जातं. अशा खुणा ठाऊक नसतील तर तिथली उत्तम सेवासुद्धा आपल्याला दुर्लक्षासारखी वाटते.

रोखठोक

वाफाळ, रीत मान्य. पण वीस मिनिटं कुणी विचारायला न येणं ही कुठली रीत? आणि ती रीतच असेल तर पहिल्या खेपेला त्याच बाई इतक्या आस्थेने कशा वागल्या?

'त्यांच्याकडे असंच असतं' म्हणणं हा चिनी लोकांवरच अन्याय आहे. हायदीलाव ही हॉटपॉटची, म्हणजे टेबलावरच उकळत्या रश्शात शिजवून खायच्या जेवणाची, साखळी 1994 साली सिचुआनमध्येच सुरू झाली, तीही मोजक्या टेबलांवर. ती नावारूपाला आली ती रश्शापेक्षा सेवेमुळे. टेबल मिळेपर्यंत थांबलेल्यांना खाऊ, नखं रंगवून देणं, बूट पुसून देणं, जेवताना लांब केस असतील तर बांधायला रबर. चिनी गिऱ्हाईकालाही चांगली वागणूक हवीच असते. तेव्हा ढिसाळपणाला संस्कृतीचं पांघरूण नको.

चुलीमागे

अशाच एका छोट्या चिनी किचनमध्ये मी दोन वर्षं काढली आहेत. मी चिनी नाही. भाज्या चिरायच्या, मांसाला स्टार्च आणि अंड्याचा पांढरा भाग लावून ठेवायचा, भांडी आवरायची, अशी कामं होती. आतून हे कसं दिसतं ते सांगतो.

वॉक एकच असेल तर सगळं रेस्टॉरंट त्या एका वॉकमधून जातं. ज्याला 'वॉक हे' म्हणतात, तो भाजका, धुरकट वास, तो मोठी आच, पातळ लोखंड आणि थोडाच माल असेल तरच येतो. वॉक भरून चार टेबलांचं एकदम करायला गेलं की भाज्यांना पाणी सुटतं आणि परतायच्या ऐवजी सगळं वाफेवर शिजतं. त्यामुळे चांगला वॉकवाला एका वेळी एक, फार तर दोन प्लेट काढतो. केओटी, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्या, समोर टांगलेल्या असतात, पण तो त्या टेबलवार वाचत नाही, पदार्थवार वाचतो. दुसऱ्या नंबरला आणि सातव्या नंबरला तीच भाजी असेल तर दोन्ही एकदम काढतो. सातव्याला वाटतं आपलं लवकर आलं, आणि मधले चारजण चिडतात. मासा वाफेवर असतो, त्याचं घड्याळच वेगळं.

आता बाहेरचं. एकटी बाई ऑर्डर घेते, फोन उचलते, पार्सलं बांधते, गल्ल्यावर बसते. गाडी अडते ती पार्सलवर. टेबलं आठ, पण आत चिठ्ठ्या वीस. समोर बसलेल्याला त्यातल्या बारा दिसतच नाहीत. त्याला दिसतं अर्धं रिकामं हॉटेल आणि आपल्याकडे न बघणारी बाई. पहिल्या दिवशी बहुधा फोन वाजत नव्हता, एवढाच फरक असेल.

सांजवेळ

चुलीमागे, प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. हे पदार्थवार वाचणं मला माहीतच नव्हतं. वाफाळ, वाटून खाण्याचा मुद्दाही मान्य. मासा मध्ये ठेवून दोघांनी खायला हवा होता.

पण मग माझी तक्रार आणखी पक्की होते. उशीर झाला याचं मला काहीच नाही. मला कुणी सांगितलं नाही, याचं आहे. 'आज पार्सलं फार आहेत, मासा अर्ध्या तासाने येईल' एवढं एक वाक्य. ते ऐकून मी मासा रद्द केला असता किंवा गप्पा मारत बसले असते. भात नेहमी मागून येत असेल तर 'भात आत्ता हवा की नंतर?' एवढं विचारायला किती वेळ लागतो? एकट्या माणसावर भार असतो तेव्हा तर हे आधीच सांगून टाकलेलं त्यालाच सोयीचं, नाही का? मी तीनदा हात वर केला नसता.

दोन लेकरांचा बाबा

धागा वाचून राहवलं नाही. माझ्या धाकट्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. अशाच एका छोट्या ठिकाणी गेलो होतो. सुरुवातीला एका मुलीने ऑर्डर घेतली. तिने नीट ऐकून घेतलं, आत जाऊन विचारून आली, दोन पदार्थ नको म्हणाली. मग मध्येच वाढणारा बदलला. मुलाने आणखी एक पदार्थ मागितला, मी पुन्हा विचारलं, 'यात शेंगदाणा आहे का?' तो हसून म्हणाला, 'नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम.' प्लेट आली. मी चॉपस्टिकने उलटसुलट करून बघितली तर सिमला मिरचीच्या खाली तळलेले शेंगदाणे. अख्खे होते म्हणून दिसले. कुटून घातले असते तर?

त्या पोराने वाईट हेतूने केलं नाही, त्याला माझा प्रश्नच कळला नव्हता. पण म्हणूनच सांगतो, एक जण काळजी घेतो आणि दुसरा घेत नाही, ही नुसती गैरसोय नाही. पहिलीने जो विश्वास दिला त्यावर विसंबून मी दुसऱ्याला विचारलं. दोघंही बेफिकीर असते तर मी आधीच उठलो असतो. मला सगळीकडे सारखी वाईट सेवा चालेल, पण कधी चांगली कधी वाईट अशी नको.

वाफाळ

बाबा, वाचून अंगावर काटा आला. इथे मी रीतभात सांगत बसणार नाही.

फक्त एक उपयोगी गोष्ट. शेंगदाण्याला चिनीत 'हुआशेंग' म्हणतात. तोंडी सांगू नका, उच्चार चुकला की संपलं. चिनी लिपीत कार्ड लिहून घ्या आणि ते वाढणाऱ्याने आत नेऊन स्वयंपाक्याला दाखवायलाच हवं असा आग्रह धरा. कार्डावर शेंगदाण्याचं तेलही लिहा, कँटोनीज स्वयंपाकात ते बरंच वापरलं जातं. गव्हाचा त्रास असेल तर सोया सॉसमध्येसुद्धा गहू असतो, हे कित्येकांना ठाऊक नसतं.

चुलीमागे

कार्डाने निम्मंच काम होतं. दोन पदार्थांच्या मध्ये वॉक साबणाने धुतला जात नाही. गरम पाण्याचा एक पळा, बांबूच्या ब्रशचे चार फटकारे, पाणी ओतून दिलं की पुढचा पदार्थ. आधीच्या खेपेला त्यात शेंगदाणे परतलेले असू शकतात. तळायचं तेल तर सगळ्यांचं एकच असतं. गंभीर ॲलर्जी असलेल्याला अशा किचनचं खरं उत्तर एकच आहे, 'आमच्याकडे नका खाऊ.' आमचे मालक ते तोंडावर सांगायचे. गिऱ्हाईक रागावून जायचं. मला ते तेव्हा तुसडे वाटायचे, आता नाही वाटत.

आडवाट

मुद्दा थोडा वेगळा आहे, पण इथे लिहायलाच हवा. चिनी रेस्टॉरंटला आपण मुळात कोणत्या मापाने मोजतो? फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये दोन पदार्थांच्या मध्ये अर्धा तास गेला तर त्याला निवांतपणा म्हणतो. चिनीत दहा मिनिटं झाली की दुर्लक्ष. चिनी म्हणजे झटपट आणि स्वस्त, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

हा संशय जुना आहे. 1968 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका डॉक्टरचं पत्र छापून आलं. चिनी रेस्टॉरंटमध्ये जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं, अशक्तपणा वाटतो, असा स्वतःचा अनुभव त्यांनी लिहिला आणि चार-पाच संभाव्य कारणं मांडली. त्यातलं एक होतं मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे ज्याला आपण अजिनोमोटो म्हणतो ते. बाकीची कारणं लोक विसरले आणि त्या त्रासाला 'चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम' असं नावच पडलं. हे ग्लुटामेट 1908 साली किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने समुद्री शेवाळातून वेगळं काढलं. टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्येही ते भरपूर असतं, पण पिझ्झा खाऊन मान दुखली तर पिझ्झेरिया सिंड्रोम कुणी म्हटलं नाही. पुढे कुणी काय खाल्लं हे लपवून केलेल्या चाचण्यांतही तो त्रास खात्रीने दाखवता आला नाही. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

म्हणून सांजवेळ यांना विनंती, एका वाईट संध्याकाळवरून त्या जोडप्याला ढिसाळ ठरवू नका.

रोखठोक

आडवाट, माहिती चांगली आहे, पण इथे लागू नाही. सांजवेळ यांनी कुठे म्हटलंय की चिनी म्हणून वाईट? त्यांनी त्या रेस्टॉरंटला त्याच रेस्टॉरंटच्या पहिल्या दिवसाच्या मापाने मोजलंय. याहून न्याय्य माप कुठलं?

उलट मला वाटतं, 'बिचारे छोटे आहेत' म्हणत काही न बोलता निघून जाणारे लोकच त्यांचं जास्त नुकसान करतात. तक्रार करणाऱ्याला निदान परत यायचं असतं.

आडवाट

हे पटलं. तक्रार त्यांच्यासमोर करावी, एवढंच माझं म्हणणं समजा.

सांजवेळ

काल तिसऱ्यांदा जाऊन आले. गर्दीच्या आधी, संध्याकाळी लवकर. बसल्याबसल्या बाईंना सांगितलं की मागच्या वेळी भात उशिरा आला आणि तोफू गार झाला. मला वाटलं वाईट वाटेल त्यांना. त्यांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'शनिवार होता?' शनिवारच होता. मग आत जाऊन नवऱ्याशी काहीतरी बोलल्या, येताना भाताची वाटी हातातच घेऊन आल्या आणि माझ्यापुढे ठेवली. चहा यायच्याही आधी भात! मासा विचारला तर म्हणाल्या, आजचा चांगला नाही, घेऊ नका. त्याऐवजी आतून परतलेली पालेभाजी आली, मेनूवर नसलेली. नुसता लसूण आणि मीठ, पण पान कुरकुरीत आणि तो धुरकट वास भरपूर. चुलीमागे, 'वॉक हे' म्हणजे काय ते काल कळलं. तोफू उकळतच आला. मध्ये ठेवून दोघांनी खाल्ला.

बिलाला हाक मारली. 'फूवूयुआन' म्हणायचा धीर झाला नाही, पण मोठ्याने मारली आणि लगेच आलं.

दोन लेकरांचा बाबा

आजचा मासा घेऊ नका असं स्वतःहून सांगणारी बाई असेल तर मी तिथे माझ्या मोठ्याला घेऊन जाईन. धाकट्याला नाही.

रोखठोक

छान झालं, आनंद आहे. पण संध्याकाळी लवकर, रिकाम्या हॉटेलात हे जमणारच होतं, पहिल्या वेळीही जमलंच होतं. आता एकदा शनिवारी रात्री जा आणि काय झालं ते इथे लिहा.