बाजरीत तूर २:१ : तिफणीने ओळी चुकतात, आणि शेणखताचं काय?

कोरडवाहू१७: मध्यम जमीन, दोन एकर, रासायनिक खत बंद. बाजरीच्या दोन ओळींस एक ओळ तूर घ्यायचीय. तिफणीने (तीन फणांच्या पाभरीने) पेरलं की तुरीच्या दोन ओळी शेजारी येतात आणि पुढे सलग चार बाजरीच्या. आणखी एक, तूर जमिनीला नत्र (नायट्रोजन) देते तर शेणखत कमी केलं तर चालेल का?

पाभरवाला: तूर कडेच्या फणाला दिली असणार. बांधाला तिफण वळली की डावं-उजवं पालटतं, मग तुरीला तूर लागते. मधला फण तुरीला द्या: चाड्याचं (बी सोडायच्या वाटीचं) मधलं भोक बोळा कोंबून बंद करा, मागे मोघण (बी सोडायची वेगळी नळी) बांधून त्यातून तूर सोडा. जाताना-येताना बाजरी-तूर-बाजरीच पडेल. फणांत ४५ सेंमी, तिफणीच्या दोन फेऱ्यांच्या मध्येही तेवढंच. दोन्ही बी एका चाड्यात मिसळायचा आळस नको, बाजरी भराभर गळते आणि तूर अडकते. बाजरी २-३ सेंमीच्या खाली गेली तर उगवण विरळ होते, तूर ५ सेंमीवरूनही येते.

काळीमाती: शेणखत कमी करू नका दादा. तुरीने धरलेलं नत्र त्या हंगामात बहुतेक तुरीतच राहतं, बाजरीच्या वाट्याला फारसं येत नाही. पाला गळून, मुळं कुजून फायदा होतो तो पुढच्या पिकाला. एकरी २ टन चांगलं कुजलेलं टाका. कच्चं टाकलं की हुमणी (मुळं खाणारी अळी) आलीच. फार जास्तही नको, बाजरी माजते आणि तूर सावलीत काडीसारखी लांबते. ४० दिवसांनी तुरीचं एक रोप मातीसकट खणून मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर नत्र धरतंय. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती गाठ कामाची नाही.

पाभरवाला: जमीन हलकी, उथळ असती तर तूर सांगितली नसती. बाजरी निघाल्यावर तूर आणखी दोन-अडीच महिने उभी असते, तेव्हा ओल लागते. तिथे मटकी बरी.

कोरडवाहू१७: सोयाबीनचं रायझोबियम (मुळांवर नत्राच्या गाठी करणारे जिवाणू) शिल्लक आहे, तेच तुरीला लावू?

काळीमाती: नाही, ते जिवाणू वेगळे. तुरीचंच पाकीट घ्या, वापरायची मुदत बघून. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) लावणार असाल तर तो आधी.