नायसिया, बायबल आणि तेच ते गुऱ्हाळ

जुनी वही: "रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली नायसियात मतदान घेऊन बायबल ठरवलं, त्याआधी ख्रिस्ती लोकांकडे चर्चच नव्हतं." ही पोस्ट पुन्हा फिरतेय आणि माझं डोकं पुन्हा फिरलंय. नायसियाच्या धर्मपरिषदेत वाद होता एरियस या पाद्र्याच्या मताचा: पुत्र म्हणजे येशू हा पित्याच्याच, म्हणजे देवाच्याच तत्त्वाचा, की पित्याने निर्मिलेला? शिवाय ईस्टर कधी पाळायचा, हे. परिषदेचे २० नियम उपलब्ध आहेत, त्यात पुस्तकांची यादी दाखवा. नव्या कराराची आजची २७ पुस्तकं नेमकी एका यादीत भेटतात ती बिशप अथनासियसच्या ३६७ च्या पत्रात. आणि सीरियातल्या ड्युरा-युरोपोसचं तिसऱ्या शतकातलं, चर्च म्हणून वापरलेलं घर? मधली भिंत पाडून सभेसाठी मोठी खोली केलेली, दुसऱ्या खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड, त्यावर मेंढपाळाचं चित्र.

तिरकस: यादीचं मान्य, घ्या नारळ. पण घर ते घरच. बासिलिका, म्हणजे रोमन सभागृहाच्या धर्तीचं मोठं चर्च, आली राजाश्रयानेच. रोमन न्यायाधीश बसायचा तिथे बिशप बसला. यातच सगळं आलं.

जुनी वही: निकोमीडियाचं चर्च राजवाड्यातून दिसायचं. ३०३ मध्ये, म्हणजे नायसियाच्याही आधी, सम्राट डायोक्लेशियनच्या सैनिकांनी ते पाडलं. नसलेली इमारत पाडली का?

गवंडी: चर्चच्या इमारतींचा मूळ रोग उंचीचा. फ्रान्समधल्या बोव्हेच्या कॅथेड्रलला जाऊन या. ४८ मीटरवर छत नेलं, १२८४ मध्ये कोसळलं. पुढे १५३ मीटरचा मनोरा चढवला, तो १५७३ मध्ये आला खाली. चर्चचा मुख्य लांब भाग आजतागायत बांधलेला नाही. मी आत उभा होतो, खांबांच्या मध्ये लाकडाचे जाडजूड टेकू. गाइड मात्र "सर्वांत उंच" एवढंच घोकत होता. पडझडीचं विचारलं तर घड्याळ बघायला लागला.

शांता: गाइडचा राग गॉथिकवर, म्हणजे बोव्हेसारख्या उंच कमानींच्या शैलीवर कशाला? भार कमानींवर आणि बाहेरच्या आधारांवर गेला म्हणून भिंती मोकळ्या झाल्या, तिथे रंगीत काचा आल्या. मठाधिपती सुजेरने पॅरिसजवळच्या सेंट-डेनिसच्या चर्चला ११४४ मध्ये हेच साधलं. तो प्रकाश बघून माझी सासू रडली होती, आणि ती देवळातसुद्धा चपलांवर लक्ष ठेवून असते.

गवंडी: रडण्याने छत तोलत नाही, ताई. बोव्हेत पडल्यावर दोन खांबांच्या मध्ये जादा खांब घालावे लागले. आधी सुचलं नाही?

शांता: तुम्ही बांधलेलं काही कधी गळलं नाही वाटतं? आणि "ताई" जरा जपून.

तिरकस: रोमच्या नव्या सेंट पीटर्स चर्चसाठी पापमुक्तीची पत्रं विकली, त्यावर १५१७ मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर उसळला. उंचीचा खर्च असा निघतो.

जुनी वही: विषय नायसियाचा होता!

तिरकस: निकोमीडिया दिलं तुम्हाला. आता बोव्हेचं चालू द्या, रंगात आलंय.

गवंडी: गळालं होतं. दोनदा. पण मी त्याची तिकिटं नाही लावली.