परदेशातलं एक सत्र : तुमचे अनुभव लिहा

माझी भाची सप्टेंबरात एका सत्रासाठी पोर्तुगालला चाललीय. एक्स्चेंजवर. म्हणजे फी नेहमीप्रमाणे इथेच भरायची, तिथल्या विद्यापीठाची फी नाही. विमान, खोली, जेवण आपल्या खिशातून. आमच्या घरात रोज रात्री यावर बैठक बसते. बहीण पापड-लोणच्यात अडकलीय, भावजी विम्यात. म्हणून म्हटलं, गोव्यातून जाऊन आलेल्यांनाच विचारावं. देश कुठलाही चालेल. फक्त ‘आयुष्य बदलून गेलं’ वगैरे नको, ते माहितीपत्रकात छापलेलं असतं. काय अडलं, काय खाल्लं, कुठे फसलात ते लिहा. वर नावाऐवजी आपलं गाव आणि कुठे गेलात तेवढं टाका.

फोंडा, कुईंब्रा, २०१८

भाची कुईंब्रालाच जाणार असेल तर तिला आधी जिने चढायची सवय करायला सांगा. विद्यापीठ टेकडीवर, आणि आपली पणजीची आल्तिन टेकडी त्यापुढे सपाट वाटेल. विद्यापीठ १२९० सालचं. काळे झगे घातलेली मुलं पहिल्या दिवशी दिसली तेव्हा मला वाटलं नाटकाची तालीम आहे. जुन्या ग्रंथालयात वटवाघळं पाळल्यासारखी राहतात, पुस्तकांतले किडे खातात म्हणून; रात्री मेजांवर चामडं अंथरतात, सकाळी झाडतात. आमच्या कॉलेजात वाळवीवर एवढा विचार कोणी केला नव्हता.

थंडीचं कोणी सांगत नाही. पोर्तुगाल म्हणजे ऊन, असं समजून गेले. जानेवारीत बाहेर बरं, खोलीत गारठा, कारण जुन्या घरांत हीटर नसतोच. भिंतींना बुरशी. घरमालकीण रोज ओरडायची, ‘जनेला, जनेला!’ मला पोर्तुगीज येत नव्हतं, पण आजी ‘जनेल’च म्हणायची, त्यामुळे खिडकी उघडायची एवढं समजलं. तिची ‘शाव्ह’ म्हणजे आपली चावी. बटाटा आणि पाव तर विचारायलाच नकोत. पहिल्या आठवड्यात याच चार-पाच शब्दांवर निभावलं.

आता मुख्य. तिथे गुण २०पैकी. १० म्हणजे पास, १४ म्हणजे ‘चांगला’, आणि १८ मिळवणारा वर्गात एखादाच. मला एका विषयात १३ मिळाले तर प्राध्यापकांनी अभिनंदन केलं. परत आल्यावर इथल्या कार्यालयात त्रैराशिक मांडलं : २०ला १३, म्हणून १००ला ६५. झालं, माझा वर्ग खाली आला. तिथल्या वर्गात त्या १३चं स्थान काय, हे कोणी बघितलं नाही. चार महिने अर्ज करत होते. शेवटी एका मॅडमनी दोन्हीकडची गुणांची वाटणी शेजारी ठेवून दाखवली तेव्हा कुठे थोडं वाढलं, पूर्ण नाहीच. म्हणून निघण्याआधी करारावर विषय, क्रेडिट (तिथे सत्राला ३०) आणि गुण कसे बदलणार, तिन्ही लिहून सही-शिक्क्यानिशी घ्या. तोंडी ‘होतं गं सगळं’ म्हणणारे सर तुम्ही परत येईपर्यंत बदललेले असतात. पापड राहिले तरी चालतील.

म्हापसा, जर्मनी

वेळापत्रकात १० लिहिलं होतं, मी पावणेदहाला हजर. वर्गात चिटपाखरू नाही. सव्वादहाला सगळे आले. दोन आठवडे मी ‘जर्मन लोकही उशिराच येतात’ असं घरी फोनवर सांगत होतो. मग कळलं, वेळेपुढे ‘सी. टी.’ असलं की तास पंधरा मिनिटांनीच सुरू होतो, रीतच आहे. दुसरं : वर्गात बसलात म्हणजे परीक्षेला बसलात असं नाही, परीक्षेची नोंदणी वेगळी. मी एका विषयाची मुदत चुकवली. सत्रभर शिकलेलं पाण्यात.

काणकोण, जपान, दोन सत्रं

मला सगळ्यांनी घाबरवलं होतं, खायचे हाल होतील म्हणून. अहो, भात आणि नुस्तं, म्हणजे आपले मासे! कँटीनमध्ये भाजलेला बांगडा मिळायचा, ‘साबा’ म्हणतात. आपल्या बांगड्याहून मोठा, तेलकट. आमटीतल्या सोलांची (कोकमाची) तेवढी आठवण यायची. शाकाहारी मैत्रिणीचे मात्र खरंच हाल झाले, कारण भाजीच्या सूपमध्येही सुक्या माशाचा अर्क असतो आणि तो कोणाला मासा वाटतच नाही.

छळलं ते कचऱ्याने. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटली धुऊन, तिचं झाकण वेगळं, प्रत्येकाचा वार ठरलेला. माझी पिशवी चिठ्ठी चिकटवून तिथेच ठेवलेली असायची, सगळ्या इमारतीला दिसेल अशी. शेजारच्या आजीबाईंनी शेवटी हाताला धरून शिकवलं. आणि घर मिळाल्यावर १४ दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, हे विसरू नका.

डिचोली

मी गेलो नाही. निवड झाली होती. फी माफ ऐकून बाबा खूश झाले, मग बँकेत किती शिल्लक दाखवायची तो आकडा वाचला आणि कागद घडी करून ठेवला. शिष्यवृत्ती नसलेलं एक्स्चेंज हे ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठीच असतं, हेही धाग्यात असू दे.

मडगाव, इटली, २०२०

फेब्रुवारीत पोचले, ९ मार्चला सगळा देश बंद. २५ तारखेचा पाडवा खोलीत केला, लाटण्याला ओढणी बांधून. वर्ग लॅपटॉपवर. मे महिन्यात खास विमानं सुरू झाल्यावर परतले. इटली पाहिली का म्हणाल, तर समोरच्या बाईंची गॅलरी पाहिली.

साखळी, मुलगी पोर्तुगालला, २०२३

बाप म्हणून लिहितो. गणपतीची चवथ त्या वर्षी १९ सप्टेंबरला होती, ती चार दिवस आधी गेली. माटोळी (गणपतीवर टांगतो ती फळाफुलांची चौकट) बांधताना तिची आई एक शब्द बोलली नाही. आमची आरती दहाला, तिच्याकडे पहाटेचे साडेपाच. उठली बिचारी, अंघोळ करून बसली. आम्ही फोन माटोळीखाली उभा केला. घुमट (आमचं मडक्याला चामडं लावलेलं वाद्य), शामेळ, झांज, सगळे जोरात. आरती संपल्यावर म्हणते, ‘बाबा, तुम्ही नुसते तोंड हलवत होता. घुमट ऐकूच आलं नाही.’ फोनला तो गोंगाट वाटला म्हणे, त्याने गाळून टाकला! ती हसत होती. मी मात्र दिवसभर तेच डोक्यात घेऊन फिरलो.

धागाकर्ती

फोंड्याच्या ताई, गुणांचं भाचीच्या समोर मोठ्याने वाचलं. उद्याच विभागात जातेय. डिचोलीकर, तुमचं वाचून आमचे भावजी गप्प झाले. आणि साखळीचे काका, यंदा ही अडचण आमच्याही घरी येणार. घुमट जाऊ नये म्हणून काही करता येतं का?

मडगाव, इटली

झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ म्हणून एक पर्याय असतो, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठीच. तो चालू करा, आणि आरतीच्या आदल्या रात्री एकदा घुमट वाजवून बघा.