सर्जन आमदार झाला, तर इमान कुणाशी?

मिरजकरीण:
डॉ. सबी कुमार. जन्म भारतातला, पेशा सर्जरीचा, गाव अमेरिकेच्या टेनेसी राज्यातलं स्प्रिंगफील्ड. 2014 साली रिपब्लिकन पक्षातर्फे राज्याच्या 99 जणांच्या सभागृहात निवडून आले. तिथे सगळे त्यांना 'डॉक' म्हणतात. आपल्याकडून गेलेल्या माणसाने तिथवर मजल मारली, याचा मला अभिमानच आहे.
पण 27 मार्च 2023 ला टेनेसीची राजधानी नॅशव्हिल इथल्या कॉव्हेनंट शाळेत गोळीबार झाला. तीन मुलं गेली, तीन मोठी माणसं गेली. बंदुकांवर निर्बंध हवेत म्हणून सभागृहात घोषणा देणाऱ्या जस्टिन जोन्स आणि जस्टिन पिअर्सन या दोन तरुण कृष्णवर्णीय आमदारांना 6 एप्रिलला घरी पाठवलं गेलं. जोन्सच्या हकालपट्टीच्या बाजूने 72 मतं, विरोधात 25. बहुमत कुमारांच्याच पक्षाचं. पुढच्या वर्षी याच विधिमंडळाने शिक्षकांना शाळेत पिस्तूल बाळगू देणारा कायदा केला. गोळी पोटात शिरल्यावर आत काय होतं, हे सर्जनला कुणी सांगावं लागत नाही. मग अशा वेळी पक्षाच्या आधी ऑपरेशन टेबलाची साक्ष यायला नको का?

नॅशव्हिलवाला:
ताई, त्या दिवसाची दुसरी बाजूही आहे. ही माणसं तुम्हाला कधीच आपलं मानणार नाहीत, असं जोन्स आपल्याला म्हणाले होते, हे कुमारांनी सभागृहातच सांगितलं. ज्या मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिलं, त्यांचाही हा अपमान नाही का? तपकिरी माणसाने अमुकच पक्षात असावं, हे ठरवणारे आपण कोण?
आणि पेशाशी इमान राखणाऱ्याचं काय होतं तेही बघा. डॉ. अर्विन येन, जन्म तैवानचा, हृदयशस्त्रक्रियेतले भूलतज्ज्ञ. कुमारांसारखेच 2014 साली, त्याच पक्षातून ओक्लाहोमा राज्याच्या सेनेटवर, म्हणजे वरच्या सभागृहावर, गेले. शाळेच्या लसींतून वैद्यकीय कारणाशिवाय सूट नको, असं विधेयक त्यांनी आणलं. लसविरोधी पालक हात धुऊन मागे लागले आणि 2018 च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, येन पडले. सूट आजही तशीच आहे. पडलेला डॉक्टर कायदा कसा करणार?

वऱ्हाडी:
पडले म्हणून चुकले? मला तर येनच खरे डॉक्टर वाटतात. गोवर पक्ष बघून होत नाही. लोकांना आवडो न आवडो, जे खरं ते त्यांनी सांगितलं. 2022 मध्ये अपक्ष म्हणून गव्हर्नरपदालाही उभे राहिले, मतं अगदी थोडी मिळाली. तरी सभागृहाच्या कामकाजात त्यांचं विधेयक नोंदलेलं आहे. टिकून राहायचं म्हणून गप्प बसायचं असेल, तर डॉक्टरच कशाला हवा? वकील आहेतच की.

सांगलीची सून:
माझी मावसबहीण मिरजेहून सर्जरीत एम.एस. करून अमेरिकेत आली. इथे तिला पुन्हा पहिल्या वर्षाची रेसिडेंट, म्हणजे इस्पितळातली शिकाऊ डॉक्टर, म्हणून उभं राहावं लागलं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. स्वतः शेकड्याने केलेल्या ऑपरेशनांत ती मागे उभी राहून रिट्रॅक्टर, म्हणजे जखम उघडी ठेवणारं हत्यार, धरायची. फोनवर रडायची. 2023 मध्ये टेनेसीने परदेशात शिकलेल्या अनुभवी डॉक्टरांना पुन्हा रेसिडेन्सी न करता तात्पुरता परवाना देण्याचा कायदा केला. असं करणारं ते पहिलं राज्य. बाहेरून आलेल्या सर्जनला सत्ताधारी बाकावर जागा असणं यासाठीच मोलाचं वाटतं मला. विरोधात बसून कितीही पोटतिडकीने बोललं, तरी मतं मोजताना ते कमीच पडतं.

मिरजकरीण:
बहिणीचं वाचून गलबलून आलं. तो कायदा चांगलाच आहे. पण तिच्या टेबलावर येणाऱ्या रोग्याचं काय? कुमार नवे आमदार होते तेव्हा, फेब्रुवारी 2015 मध्ये, त्यांच्याच पक्षाचे गव्हर्नर बिल हॅस्लम यांनी गरिबांचा सरकारी आरोग्य विमा आणखी लोकांना लागू करायची योजना मांडली. सेनेटच्या समितीनेच ती 7 विरुद्ध 4 मतांनी पाडली, खालच्या सभागृहात मतदानाची वेळच आली नाही. तेव्हा नवख्या माणसाच्या हातात काही नव्हतं, मान्य. पण नंतरही टेनेसीने ती वाढ स्वीकारली नाही आणि खेड्यांतली इस्पितळं एकामागून एक बंद पडली. परवाना मिळालेली तुमची बहीण त्या गावात जाऊन ऑपरेशन करणार कुठे?