मदत हवी आहे: मिस्टरांच्या डोळ्याचं डिसॅबिलिटी पेन्शन नाकारलंय, आता काय करायचं?

फौजीघर
मिस्टरांना स्क्रीनवरचं वाचायला त्रास होतो म्हणून मी टाईप करतेय. ते आर्मीतून नायक म्हणून रिटायर झाले, उजव्या डोळ्याने मधलं काही दिसत नाही, कडेचं दिसतं. मेडिकल बोर्डाने अपंगत्वाचं पर्सेंटेज दिलं पण पेन्शन नाही दिलं, म्हणे सर्व्हिसशी संबंध नाही. भरती होताना डोळे चांगले होते, सर्व्हिसमध्ये बिघडले, मग संबंध कसा नाही? अपील पण करून झालं, उत्तर तेच. वकील करावा का, किती दिवस लागतात, कुणाला अनुभव असेल तर प्लीज लवकर सांगा, फार वैताग आलाय.

माजी_सिग्नलमन
जय हिंद वहिनी. तुम्ही फक्त निकाल सांगितलात, केस सांगितलीच नाही. डिस्चार्ज कोणत्या साली? टर्म पूर्ण करून की स्वतःच्या रिक्वेस्टवर की बोर्ड आउट, म्हणजे आजारपणामुळे काढलं? टक्के किती? आणि आजाराचं नाव काय?

वाईकर
साधे वकील नकोत, आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं, म्हणजे फौजींच्या केसेसच्या कोर्टाचं काम करणाराच बघा. माझ्या भावाची कानाची केस होती, तोफखान्यात होता, एका कानाने ऐकूच येत नाही, त्याला पण आधी नाकारलं आणि नंतर मिळालं. मुंबईला बेंच आहे. सरळ केस टाका.

फौजीघर
३० सप्टेंबर २०२० ला डिस्चार्ज, २२ वर्षं पूर्ण करून. टक्के ३०, लाईफलाँग. आजार सीएसआर (सेंट्रल सिरस रेटिनोपॅथी, डोळ्याच्या पडद्याचा). कागदावर कॉन्स्टिट्यूशनल, म्हणजे शरीराचाच दोष, लिहिलंय आणि पीस स्टेशनला (सीमेपासून दूर, शांत ठिकाणी) सुरू झाला असं.

माजी_सिग्नलमन
मग तुमची बाजू चांगली आहे. २०१३ चा सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंग निकाल बघा. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर जवान फिट होता असं धरायचं, नंतर तब्येत बिघडली तर ती सेवेमुळे असं मानायचं, आणि सिद्ध करायचा बोजा जवानावर नाही. त्या केसमध्ये तर फिट येण्याचा (अपस्माराचा) आजार होता, तरी मिळालं. डोळ्याला तर मिळायलाच पाहिजे.

पेन्शन_क्लार्क_निवृत्त
सिग्नलमन साहेब, अर्धंच सांगताय. धरमवीर सिंग १९८२ च्या एंटायटलमेंट रूल्सवर (पेन्शनचा हक्क ठरवणारे नियम) आहे. वहिनींचे मिस्टर २०२० ला सुटले म्हणजे २००८ चे रूल्स लागतात, त्यात ते सरसकट गृहीतक तसंच्या तसं राहिलेलं नाही. बोजा साधारणपणे जवानावर नाही हे मात्र आहे, क्लेम डिस्चार्जनंतर १५ वर्षांच्या आत केलेला असला पाहिजे, तो तर आहेच. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे रूल्स आलेत, ते यांना लागत नाहीत, कुणी त्यावरून घाबरवलं तर ऐकू नका. पण नुसतं भरतीला फिट होते एवढ्यावर बसू नका. डोळ्याचा आणि ड्यूटीचा धागा कागदावर जोडावा लागेल.

माजी_सिग्नलमन
ट्रिब्युनल २००८ नंतरच्या केसेसमध्येही धरमवीर सिंग धरतं. मी स्वतः ऑर्डर वाचल्यात.

पेन्शन_क्लार्क_निवृत्त
धरतं, नाही कोण म्हणतंय. पण समोरून सरकारी वकील २००८ चं पान उघडणार, तेव्हा हातात दुसरं काही पाहिजे ना.

रोज_त्राटक
ताई, डोळ्यांसाठी रोज सकाळी १० मिनिटं त्राटक करायला सांगा, माझा चष्म्याचा नंबर कमी झाला.

एमएच_नर्सिंग_असिस्टंट
त्राटकाने सीएसआर बरा होत नाही, यात पडद्याखाली पाणी साचतं. चष्म्याच्या नंबराचा इथे विषय नाही. ताई, मी रिटायर्ड नर्सिंग असिस्टंट आहे, डॉक्टर नाही, म्हणून मी सांगतो ते डोळ्याच्या डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. बऱ्याच जणांचा हा आजार काही महिन्यांत आपोआप बसतो, काहींचा राहतो आणि मधली नजर जाते, तुमच्या मिस्टरांचं तसं झालेलं दिसतंय. टेन्शनशी याचा संबंध सांगतात, आणि एक गोष्ट पक्की माहीत आहे ती म्हणजे स्टिरॉइड. कुठल्याही कारणाने स्टिरॉइड दिलं गेलं असेल, इंजेक्शन, गोळी, इन्हेलर, मलमसुद्धा, तर सीएसआरचा धोका वाढतो. म्हणून तीन गोष्टी विचारतो. डोळा पहिल्यांदा कधी बिघडला? त्याआधी पोस्टिंग कुठे होतं? त्याआधी काही मोठं आजारपण झालं होतं का?

फौजीघर
२०१६ ला डोळा. त्याआधी दोन वर्षं लेह साईडला होते.

एमएच_नर्सिंग_असिस्टंट
अहो ताई, हे पहिल्या पोस्टमध्ये पाहिजे होतं! आजारपण?

फौजीघर
मला वाटलं त्याचा डोळ्याशी काही संबंध नाही म्हणून लिहिलं नाही. मे २०१६ मध्ये वर पोस्टवर असताना त्यांना उंचीचा त्रास झाला, डोकं फुटेल इतकं दुखत होतं, उलट्या, तोल जात होता, हेलिकॉप्टरने खाली आणलं. हॉस्पिटलमध्ये इंजेक्शनं दिली, कोणती ते माहीत नाही. मग सिक लीव्हवर घरी आले. घरी असतानाच एक दिवस म्हणाले दाराची चौकट वाकडी दिसतेय, मी म्हटलं झोप नाही म्हणून असेल. सुट्टी संपवून गेले तोवर युनिट पीसला आलं होतं, तिथे डॉक्टरला दाखवलं, तेव्हा कागदावर आलं. म्हणून पीस स्टेशन लिहिलंय.

एमएच_नर्सिंग_असिस्टंट
सरळ रेष वाकडी दिसणं हे पडद्याच्या मध्यभागी गडबड असल्याचं लक्षण. आणि उंचीवर मेंदूला सूज आली की डेक्सामेथासोन देतात, ते स्टिरॉइडच आहे. यांना तेच दिलं असं मी म्हणत नाही, पण त्या हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप शोधा. ती सापडली तर पीस स्टेशनचा मुद्दाच ढिला पडतो, कारण आजाराचं मूळ फील्डमधल्या उपचारात आहे असं डोळ्याचे डॉक्टर लिहून देऊ शकतात. त्या वेळची ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन) असेल तर तीही ठेवा.

वाईकर
एवढं कशाला शोधत बसायचं, ट्रिब्युनल मागवून घेतं सगळे कागद.

पेन्शन_क्लार्क_निवृत्त
मागवतं, पण काय मागवायचं ते तुम्हीच सांगायचं असतं. वहिनी, अपील केलं म्हणताय ते नक्की कुणाला केलं? पहिलं अपील सहा महिन्यांत अपेलेट कमिटीकडे, रेकॉर्ड ऑफिसमार्फत. ते नाकारलं तर दुसरं. तुमच्याकडचं उत्तर कमिटीचं आहे का?

फौजीघर
दीराने साधा अर्ज लिहिला होता रेकॉर्ड ऑफिसला, २०२१ मध्ये. उत्तरात लिहिलंय की एनएएनए (आजार सेवेमुळे झालेला नाही, वाढलेलाही नाही) असल्यामुळे देय नाही.

पेन्शन_क्लार्क_निवृत्त
म्हणजे पहिलं अपील झालंच नाही. उशीर झाला तरी करता येतं, उशिराचं कारण लिहून माफी मागायची, कारण तुमच्याकडे आहे, दृष्टी गेलेला माणूस आणि चुकीचा सल्ला. ट्रिब्युनल साधारणपणे बघतं की आधीचे मार्ग वापरले का. आणि उशिराचा फटका कुठे बसतो ते ध्यानात ठेवा. पेन्शन दर महिन्याचा हक्क आहे म्हणून केस मरत नाही, पण २००८ च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे थकबाकी केस टाकण्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे बसून राहिलात तर प्रत्येक महिना हातातून जातो.

माजी_सिग्नलमन
आणि ३० टक्के मंजूर झाले तर ब्रॉड बँडिंगने ५० धरतात, हे विसरू नका. डिसेंबर २०१४ चा राम अवतार निकाल, टर्म पूर्ण करून आलेल्यांनाही लागू. अर्जात ते मागायचं, न मागता कुणी देत नाही.

घाटावरचा_जवान
मला १५ टक्के दिलेत बोर्डाने, ब्लड प्रेशरचे. मला पण ५० मिळतील का? सुखविंदर सिंग निकालात २० च्या खाली असेल तरी किमान २० धरायचे असं आहे ना?

पेन्शन_क्लार्क_निवृत्त
तो बोर्ड आउट झालेल्यांसाठी. टर्म पूर्ण करून आलात आणि २० च्या खाली आहात तर डिसॅबिलिटी एलिमेंट (पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग) नाही, ११ डिसेंबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाने विंग कमांडर राठौर यांच्या केसमध्ये स्पष्ट केलंय. वेगळा धागा काढा, इथे वहिनींचं चाललंय.

घाटावरचा_जवान
बरं. पण अन्याय आहे.

माजी_सिग्नलमन
अन्याय आहेच, डोंगरावर चढवताना टक्के बघत नाहीत.

फौजीघर
५० टक्के म्हणजे पैशात किती? आम्हाला आत्ता फक्त सर्व्हिस पेन्शन येतं.

पेन्शन_क्लार्क_निवृत्त
१०० टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. ५० धरले तर १५ टक्के, ३० च धरले तर ९ टक्के. वरून महागाई रिलीफ. शेवटची पे स्लिप काढा, हिशेब घरीच होईल.

वाईकर
अवांतर: यावर इन्कम टॅक्स लागतो का? भावाला कुणी लागतो सांगितलं.

पेन्शन_क्लार्क_निवृत्त
त्याचा वाद वेगळा आहे, टर्म पूर्ण करून आलेल्यांच्या बाबतीत २०१९ चं सर्क्युलर बघा आणि सीएला विचारा. वहिनी, तुम्ही आता एवढंच करा. रेकॉर्ड ऑफिसला मेडिकल डॉक्युमेंट्सच्या कॉपी मागणारा अर्ज, सोबत आरटीआय. रिलीज मेडिकल बोर्डाचा एएफएमएसएफ-१६ फॉर्म पूर्ण, सगळी पानं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जाला मदत करतात. वकील नंतर.

फौजीघर
काल रात्री काळी ट्रंक उघडली. मिस्टर म्हणत होते काही नाही सापडणार, पण युनिफॉर्मच्या घडीत २०१६ ची डिस्चार्ज स्लिप सापडली. निळी शाई, डाग पडलेत. 'इंजे. डेक्सा' असं स्पष्ट दिसतंय, पुढे दिवसांचा आकडा आहे तो ३ आहे की ५ ते कळत नाही. मी त्यांना वाचून दाखवलं तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले ती चौकट वाकडी दिसली त्या दिवशी मी तुला सांगितलं होतं ना. फोटो टाकू का इथे?

एमएच_नर्सिंग_असिस्टंट
इथे टाकू नका, नाव आणि आर्मी नंबर असणार त्यावर. मला आकडा बघायची गरज नाही ताई, ३ असो की ५. आजच त्याच्या दोन कॉपी काढा आणि मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, डॉक्टरांच्यासुद्धा.

फौजीघर
कॉपी काढल्या. सोमवारी डोळ्याच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, मंगळवारी सैनिक कल्याण कार्यालयात. अपीलाचा मसुदा झाला की इथेच लिहीन.