पहिला कथासंग्रह अनोळखी वाचकांपर्यंत पोहोचवण्यासाठी समाजमाध्यमांचा उपयोग कसा करावा?

ऐरोलीची लेखिका:

नमस्कार. माझा पहिला कथासंग्रह गेल्या डिसेंबरमध्ये प्रकाशित झाला. ठाणे–बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत पाळ्या करणारी माणसे, कारखाने बंद पडल्यावर त्यांच्या घरांची झालेली ओढाताण आणि त्याच रस्त्यावरच्या काचेच्या इमारतींत आज नोकरीला जाणारी त्यांची मुले, असा त्यातील नऊ कथांचा विषय आहे. पाचशे प्रतींपैकी दीडशे प्रती प्रकाशनाच्या दिवशी आणि नातेवाइकांत संपल्या. बाकीच्या प्रकाशकांकडे पडून आहेत. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर मी मुखपृष्ठ अनेकदा टाकले. अभिनंदन पुष्कळ होते, पण पुस्तक कुठे मिळेल असे कोणी विचारत नाही. मला न ओळखणाऱ्या वाचकापर्यंत पोहोचण्यासाठी काय करावे, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

नौपाड्याचा वाचक:

मुखपृष्ठ पाहून आपली माणसे अभिनंदन करतात, कारण त्यांच्या दृष्टीने ती तुमच्या घरची आनंदवार्ता असते. अनोळखी माणसाला त्या चित्रातून पुस्तकाविषयी काहीच कळत नाही. त्याच्यासमोर मजकूर ठेवावा लागतो. एखाद्या कथेतला दीडशे-दोनशे शब्दांचा, स्वतंत्रपणे वाचता येईल असा उतारा निवडा आणि तो युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही फोनवर किंवा संगणकावर वाचता येईल अशा पद्धतीने, टंकलेल्या अक्षरांत द्या. उताऱ्याचे छायाचित्र टाकले, तर त्यातले शब्द शोधात सहसा सापडत नाहीत आणि कोणाला ते नीट पुढेही पाठवता येत नाहीत. प्रकाशकांकडची छपाईची फाइल जुन्या फाँटमध्ये असण्याची शक्यता आहे. तसे असेल, तर त्यातून उचललेला मजकूर फेसबुकवर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो, म्हणून तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालावीत.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. नवे लेखक आपले पुस्तक साहित्यप्रेमींच्या गटांत नेतात, पण तिथे निम्मे सभासद स्वतःच्या पुस्तकासाठी वाचक शोधत असतात. तुमच्या कथांचा वाचक रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, कळवा आणि विटावा येथे राहतो. निवृत्त कामगारांचे, जुन्या वसाहतींचे आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे व्हॉट्सॲप गट असतात. ‘भोंगा झाल्यावर रस्त्यावर सायकलींची रांग लागायची’ असे एखादे वाक्य तिथे गेले, तर त्याखाली आठवणी येऊ लागतील. अशा गटात ओळखीच्या सभासदामार्फत आणि गटचालकांची अनुमती घेऊनच जावे, आणि पहिल्या दिवशी किंमत सांगू नये. आलेल्या प्रत्येक आठवणीला सविस्तर उत्तर द्यावे. पुस्तक कुठे मिळेल हे लोक आपणहून विचारतात.

वाशीकर:

वरील मताशी मी सहमत आहे. एका बाबतीत मात्र सावध करावेसे वाटते. उतारा द्यावा, पण संपूर्ण नवी कथा समाजमाध्यमांवर टाकू नये. दिवाळी अंकांचे अनेक संपादक पूर्वप्रसिद्ध नसलेलेच साहित्य मागतात, आणि फेसबुकवर आलेली कथा पूर्वप्रसिद्ध मानली जाऊ शकते. माझ्या दोन चांगल्या कथा या कारणाने परत आल्या आणि त्या वर्षी माझ्याकडे पाठवण्यासारखे दुसरे काही शिल्लक नव्हते.

पैसे देऊन प्रसिद्धी करण्याविषयीही अनुभव सांगतो. माझ्या कादंबरीच्या वेळी समाजमाध्यमावरच्या एका पानाच्या (पेजच्या) चालकांना मी परिचय छापण्याचे पैसे दिले. पसंतीच्या खुणा शेकड्यांनी वाढल्या, मात्र त्या परिचयाखाली एकही असा प्रतिसाद नव्हता, ज्यावरून कोणी पुस्तक उघडून पाहिले आहे असे जाणवावे. त्याउलट, नेरूळच्या एका शिक्षिकेने समाजमाध्यमावरच्या स्वतःच्या भिंतीवर (वॉलवर) लिहिलेल्या आठ ओळींनी मला खरे वाचक दिले. त्या ओळी मागून मिळालेल्या नव्हत्या. वर्षभर मी त्यांच्या पुस्तकविषयक टिपणांना मनापासून उत्तरे देत होतो, त्यांनी सुचवलेली पुस्तके वाचून त्यांवर लिहीत होतो, आणि त्यातून त्यांना माझ्या वाचनाची, पुढे माझ्या लेखनाची ओळख झाली. इतरांच्या पुस्तकांविषयी नियमित आणि प्रामाणिक लिहिणे हे काम संथ आहे, पण मला ज्याचा उपयोग झाला असे तेवढेच आहे.

गोखले रस्ता:

काही व्यावहारिक गोष्टी जोडतो. व्हॉट्सॲपच्या प्रसारण यादीत (ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये) २५६ क्रमांक बसतात आणि ज्यांनी तुमचा क्रमांक साठवला आहे त्यांनाच तो संदेश मिळतो, त्यामुळे अनोळखी वाचकांसाठी ती यादी उपयोगी नाही. इन्स्टाग्रामवर चित्राखालच्या मजकुरातला दुवा उघडत नाही. खरेदीचा दुवा स्वतःच्या परिचयात ठेवावा. पुस्तकाचे नाव देवनागरीबरोबर रोमन लिपीतही एकदा लिहावे, कारण पुष्कळ मराठी माणसे शोध रोमनमध्येच घेतात. आणि विकत घेण्याआधी वाचू इच्छिणाऱ्याला ठिकाण सांगता आले पाहिजे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून वाचकांची सेवा करत आहे. तिथे आणि तुमच्या जवळच्या वाचनालयात प्रत द्यावी, ती दाखल झाल्याची खात्री करावी आणि मगच तसे समाजमाध्यमांवर कळवावे.

ऐरोलीची लेखिका:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रकाशकांकडून मजकूर मागवला आहे आणि रात्रपाळीच्या कथेतला उतारा निवडला आहे. वडिलांच्या जुन्या सहकाऱ्यांचा एक गट आहे, तिथे काकांमार्फत तो येत्या रविवारी पाठवेन. एक शंका उरते. कथेत कारखान्याचे नाव नाही, पण वाचणाऱ्यांना तो ओळखू येईल. गटात पाठवताना नाव लिहावे का?

नौपाड्याचा वाचक:

लिहू नका. भोंग्याची वेळ आणि फाटकासमोरचा चहावाला एवढे उताऱ्यात असू द्या. नाव त्यांच्यापैकीच कोणीतरी पहिल्या प्रतिसादात लिहील, आणि पुढचे बोलणे तिथूनच सुरू होईल.